पंगत उठेपर्यंत

तर्री-पोह्याचा पहिला घास जिभेवर होता आणि संघपालनं स्टेटस उघडलं. झालं एवढंच. त्याआधी सकाळ बरी चालली होती. खात रोडवर पार्लरचा बोर्ड लागला होता, फीत खिशात होती, पेढ्याचा डबा मांडीवर होता. घरी बायकोचं आवरेपर्यंतचा वेळ आपल्या बापाचा, म्हणून तो चौकातल्या ठेल्यावर पोहे खायला टेकला होता. पंचायत समितीतल्या कंत्राटी ऑपरेटरला रजा मिळणं म्हणजे आधीच सण. स्टेटस दीपमालाचं होतं. दीपमाला म्हणजे त्याच्या मोठेबाबांची पोरगी, चुलत बहीण. पाच वर्षांमागं साकोलीच्या लॉनमध्ये तिचं लग्न झालं. तिनं लिहिलं होतं, माझी पहिली मेकअपवाली करुणा वहिनी आज पार्लर उघडून राहिली, जय भीम, अभिनंदन. आणि वर त्या लग्नाचा जुना व्हिडिओ, कुण्या मैत्रिणीनं मोबाइलवर काढलेला, तुकड्या-तुकड्यानं टाकलेला. आधी पांढऱ्या साडीतल्या नवरीचा चेहरा, करुणानं रंगवलेला. मग त्या मैत्रिणीनं मोबाइल खिडकीबाहेर काढला. खाली लॉनचं गेट, बरात, डीजे, आणि सगळ्यांच्या मधोमध संघपाल. नाचत होता. ठेल्यावर बसलेला संघपाल हसला. त्याला तो नाच चांगला आठवत होता. आयुष्यात तेवढा मोकळा तो नंतर कधी नाचला नाही, आणि कुणाला सांगितलं नसलं तरी तो नाच त्यानं मनात जपून ठेवला होता, कारण त्याच दिवशी संध्याकाळी त्याची माय मेली होती, आणि त्या दिवसातलं जपण्यासारखं तेवढंच होतं.

मग व्हिडिओच्या कोपऱ्यात, शरबताच्या ड्रमजवळ, त्याला आपली बायको करुणा दिसली. तिच्या कानाला मोबाइल होता. लाल कव्हरचा. म्हणजे त्याचाच, त्याच्या कुर्त्याला खिसा नव्हता म्हणून सकाळी तिच्या पर्समध्ये टाकलेला. डीजेच्या आवाजात ऐकू यावं म्हणून तिनं दुसऱ्या कानात बोट घातलं होतं. ते बोट हळूच खाली आलं. तोंड उघडं राहिलं. ती गेटाजवळच्या मोठेबाबांकडं गेली, त्यांनी कान खाली केला, आणि मग दोघंही वळून नाचणाऱ्या संघपालकडं पाहू लागले. बराच वेळ पाहत होते. मोठेबाबा काहीतरी बोलले. करुणानं मान हलवली. मोठेबाबांनी तिच्या हातातला मोबाइल घेतला आणि आपल्या जाकिटात टाकला. नंतर ते स्वतः गर्दीत घुसले, संघपालच्या डोक्यावरून नोट ओवाळली आणि डीजेवाल्याला दिली. आवाज वाढला. करुणा पुढं आली, टाळ्या वाजवत. व्हिडिओत फक्त धडधड होती, पण त्याला शब्द आठवले. तो ओरडला होता, "कोनाचा फोन होता?" आणि ती त्याच्या कानाशी ओरडली होती, "काही नाही, कंपनीचा. नाचा तुमी."

पोहे थंड झाले. तर्रीवर तेलाची साय आली. त्यानं व्हिडिओ पुन्हा लावला, आणि पुन्हा. ऊन तो बघत होता आता, माणसं नाही. सावल्या पायाखाली होत्या. म्हणजे ऐन दुपार. वधूवरांवर फुलांच्या पाकळ्या पडायच्या होत्या अजून, त्रिशरण व्हायचं होतं, जेवणं व्हायची होती. आणि त्याला सांगितलं कधी? पंगत उठल्यावर. हायवेच्या झाडांमागं सूर्य गेला तेव्हा. मोठेबाबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, संघपाल, आत्ताच आंबागडहून फोन आला, तुया मायची तब्येत जास्त आहे, निंघ तू. आत्ताच, म्हणाले होते. त्या एका आत्ताचवर तो पाच वर्षं जगला होता.

मोटरसायकल काढून तो असा निघाला होता की करुणानं मागून त्याचा कुर्ता फाडला धरून-धरून. आणि देव्हाडीला रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी. ती गेली तर दुसरी. पुढं धानाचे ट्रॅक्टर, मागं ट्रक, मधे तो, हॉर्नवर अंगठा दाबून. घरी पोचला तेव्हा शेजारची निर्मलाबाई मायचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मायच्या कपाळाला अजून ऊब होती. थोडक्यात हुकलं, म्हणाले सगळे. थोडक्यात हुकलं रे संघपाल. त्यानं ते थोडक्यात धरून ठेवलं. फाटकाला शिव्या घातल्या. नंतर तिथं पूल झाला, सगळी दुनिया वरून सुसाट जायला लागली, तर हा पठ्ठ्या एकदा पुलाच्या मधोमध गाडी थांबवून खालच्या रुळांकडं बघत रडला होता, की हा पूल थोडा आधी झाला असता तर. मागं बसलेल्या करुणानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. म्हणाली होती, "आपल्या हातात काय असते हो. टाइमच तसा होता."

टाइम. त्या हाताची जागा आता त्याला पाठीवर कळत होती, शर्टाखाली.

त्यानं निर्मलाबाईला फोन लावला. तिकडं कोंबड्या ओरडत होत्या.

"जय भीम मावशी. संघपाल बोलतो."

"जय भीम बापा. आज कशी आठवन आली?"

"मावशी, माय गेली त्या दिवशी तुमी मले फोन केलता. तो कधी केलता?"

"काहून विचारून राहिला रे आता?"

"सांगा ना."

"दुपारचा भात होता माया चुलीवर. तुया बायकोनं उचलला. मी म्हनलं, विमलबाईचं काही खरं नाही, पोराले बोलावते. ती म्हने, निंगतो आता. पोंगाच एवढा वाजून राहिला होता तिकडं. मंग अजून केला मी, तवा तुया मोठेबाबानं उचलला. म्हने, निंगले, रस्त्यात आहे. मी बी विमलबाईले तेच सांगत बसली, रस्त्यात आहे बाई, रस्त्यात आहे. मोटरसायकल वाजली का मान उचले ती. गावात कोनाचीबी वाजो." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "जाऊ दे रे. लग्नकार्यात मानूस अडकते. आमी काही मनात नाही ठेवलं."

ठेवतो मावशी, एवढंच तो म्हणाला. आमी काही मनात नाही ठेवलं. म्हणजे ठेवलं होतं. म्हणजे पाच वर्षं सगळं आंबागड असंच समजत होतं की संघपालला दुपारीच कळलं होतं आणि तो जेवून आला. आता एकेक गोष्ट आपोआप पलटायला लागली, तव्यावरच्या भाकरीसारखी. मायच्या पहिल्या स्मृतिदिनाला गावात गेला तेव्हा विहारापुढं बसलेला इश्वर म्हणाला होता, "या साहेब, झाली का फुरसत?" ती त्याला मस्करी वाटली होती. मारोतरावच्या नातवाच्या नामकरणात पंगत बसली तेव्हा वाढणारा मोठ्यानं बोलला होता, "याले वाढा बा आधी, हा गडी पंगत सोडून उठत नाही," आणि सगळी रांग हसली होती, आणि संघपालही हसला होता, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, आणि वरून म्हणाला होता, वाढा वाढा, भाजी येऊ द्या. भाजी येऊ द्या! गावातल्या बायांनी त्याच्यापुढं चहा ठेवून तोंड फिरवणं, ते त्यानं दुःख समजून घेतलं होतं. आमच्या लोकांना अजून विसरता येत नाही मायला, असं तो करुणाला कौतुकानं सांगायचा. आणि ती भाजी निवडत ऐकून घ्यायची, मान वर न करता.

ठेलेवाला म्हणाला, "भाऊ, पोहे खराब आहे का?" तो म्हणाला, चांगले आहे. आणि खाल्ले. सगळे खाल्ले. खाताना त्याला बापाची आठवण झाली, म्हणजे बापाची नाही, अंड्याच्या रश्शाची. बाप डोंगरीच्या मँगनीजच्या खाणीत होता. जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं त्याच वर्षातली गोष्ट. शाळेत नवीन नकाशा लागला होता, अर्धा जिल्हा कापून काढलेला, आणि ते नवल मायला सांगायला तो पळत घरी आला होता. मायनं ऐकून घेतलं. म्हणाली, हातपाय धुऊन ये. विड्या वळायचं सूप बाजूला सरकवलेलं होतं, आणि मधल्या वारी, काही कारण नसताना, ताटात अंड्याचा रस्सा होता. दोन अंडी त्याच्या एकट्याच्या ताटात. तो खात होता आणि बडबडत होता, आणि माय समोर बसून त्याला पंख्यानं वारा घालत होती. अजून भात घे. अजून घे. बोटं चाटून झाली, ताट धुऊन झालं, तेव्हा म्हणाली, बाबू, तुया बाप गेला. उपाशी पोटी वाईट सांगू नये, हा तिचा कायदा होता. भरल्या पोटी माणूस उभा राहतो, म्हणायची. त्यानं पुन्हा कधी अंडं खाल्लं नाही. पण त्याला लक्षात राहिलं ते अंडं नाही, मायची नजर. ज्याला माहीत आहे त्यानं, ज्याला माहीत नाही त्याला खाताना बघायची ती नजर. व्हिडिओत मोठेबाबांच्या तोंडावर तीच होती. करुणाच्याही. आणि हा कायदा करुणाला तरी कुणी शिकवला? मायनंच. लग्नाच्या पहिल्या वर्षी चुलीपुढं बसवून सांगितला, पोरी, घरात काहीही होवो, नवऱ्याले आधी जेऊ दे. करुणा ही गोष्ट चारचौघात सासूची आठवण म्हणून सांगायची.

तिचं वय तेव्हा काय होतं, अंगावरची हळद गेली नव्हती, सासरची सगळी मंडळी त्या लॉनमध्ये, आणि मोठेबाबांचा शब्द. ती काय करणार होती. हे सगळं त्याला समजत होतं. तो अडाणी नव्हता. समजत होतं आणि समजण्याचा काही उपयोग होत नव्हता, पावसात बंद पडलेल्या गाडीची किक मारावी तसं ते नुसतं वरखाली होत होतं. कारण त्या दिवशी ऐकून घेतलं, ठीक. मोठ्यांपुढं बोलता आलं नाही, ठीक. पण टाळ्या? आणि नंतरची पाच वर्षं? पुलावरचा तो हात?

खात रोडवर पोचला तर बोर्ड उन्हात चमकत होता. विमल ब्युटी पार्लर. मायचं नाव. करुणानंच ठेवलं होतं. पेंटरला नाव सांगताना तिचे डोळे भरले होते आणि संघपालला त्या वेळी वाटलं होतं की अशी बायको गावभर शोधून सापडायची नाही. आता तो खाली उभा राहून वाचत होता. घाबरलेल्या माणसानं ठेवलेलं नाव, असं त्याला दिसलं. अक्षरं तीच होती.

आत तीन भिंतींना आरसे. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या उभ्या केलेल्या, पेटवायच्या राहिलेल्या. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बायका, आणि पहिल्या खुर्चीवर यादोराव, मोठेबाबा, गुडघ्यावर हात ठेवून, आता दात नसलेले. करुणा मोरपंखी साडीत होती. केस सेट केलेले. इतकी सुंदर दिसत होती की त्याला राग आला.

"केवढा उशीर हो! फीत आणली का? बाबा नाही आले अजून." तिनं मोबाइल त्याच्या हातात दिला. "माह्यात कॅमेरा चांगला आहे, तुमीच काढा व्हिडिओ. बाबा कधी लेट नाही होत. जिंदगीभर एसटी चालवली, एक दिवस गाडी लेट नाही आनली त्याईनं."

"येतीन," तो म्हणाला.

बाबा म्हणजे तिचे वडील चंद्रभान, साकोलीला राहायचे. पार्लरची गोल फिरणारी खुर्ची त्यांनीच नागपूरहून आणून दिली होती, बसच्या टपावर बांधून, आणि सांगून ठेवलं होतं की फीत मी आल्याशिवाय कापायची नाही. संघपाल फीत बांधायला लागला. गाठ बसत नव्हती. करुणाला विचारावं, आत्ता, या बायांपुढं, की तो कंपनीचा फोन कोणत्या कंपनीचा होता. वाक्य तयार होतं. तोंडात पोह्याचा मोहरीचा दाणा अडकला होता तसंच ते वाक्य अडकलं होतं. विचारलं तर ती रडेल. पायावर पडेल. सगळ्या बाया तिला उचलतील, मोठेबाबा म्हणतील माझी चूक, आणि मग संघपालला माफ करावं लागेल. जेवणाच्या आत माफ करावं लागेल.

हातातला मोबाइल थरथरला. अंकुर, तिचा भाऊ. संघपाल बाहेर रस्त्यावर आला.

"भाऊजी, ताईले द्या ना जरा."

"ती आत आहे. काय झालं?"

"बाबा... बसमध्ये चढता चढता छातीत दुखलं. साकोलीतच अ‍ॅडमिट केलं. डॉक्टर म्हनते नागपूरले हलवू नका, रस्त्यात नाही टिकनार. भाऊजी, शुद्धीत आहे ते, ताईचंच नाव घेऊन राहिले. तिले घेऊन या लवकर. तासाभराचा तर रस्ता आहे."

रस्त्यावरून घंटागाडी चालली होती, कचऱ्याचं गाणं मोठ्यानं लावून. त्यानं दुसऱ्या कानात बोट घातलं. घातल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं ते.

"निंगतो आता," तो म्हणाला.

साकोली तासाभरावर. मोटरसायकल समोर उभी. हायवे सरळ, फाटक नाही, काही नाही. तो दारात उभा राहिला आणि त्याला खरंच वाटलं की आपण आत जाऊन तिला सांगणार आहोत. पाय तसेच निघाले होते. मधे पहिल्या खुर्चीशी ते थांबले. तो मोठेबाबांच्या कानाशी वाकला.

"मोठेबाबा, साकोलीहून फोन होता. करुणाच्या बाबाचं काही खरं नाही. तिले बोलावून राहिले. सांगू का तिले?"

म्हाताऱ्याचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी करुणाकडं पाहिलं. ती आरशात बघून केसाची बट कानामागं घालत होती.

"अरे बापा," ते पुटपुटले. मग खाली आवाजात, ठरलेलं असल्यासारखं म्हणाले, "फीत कापू दे. लोकं आले आहे. नाश्तापानी उरकू दे, मंग सांगू. पोरीनं एवढ्या हौसेनं..."

"बरं," संघपाल म्हणाला. "तुमी म्हनता तसं."

मोठेबाबांनी चमकून वर पाहिलं. त्यांच्या नजरेत काहीतरी हललं, जुनं. "संघपाल," ते म्हणाले. त्यांचा हात उठला, त्याच्या बाहीपर्यंत आला. त्यानं पेढ्याचा डबा त्या हातात ठेवला.

"कोनाचा फोन होता हो?" करुणानं आतून विचारलं.

आरशातून विचारलं. ती आरशात होती आणि तोही आरशात होता.

"काही नाही. कंपनीचा."

तिच्या भुवया जराशा जवळ आल्या. कुठंतरी ऐकलेलं वाटावं तसं. मग एका बाईनं मागून तिच्या पाठीवर थाप मारली, "काप ना वो बाई, भूक लागली आमाले!" आणि ती हसली, आणि गेलं ते.

"बाबा आल्याबिगर नाही."

"अंकुरचा मेसेज आला," संघपाल म्हणाला, "बस चुकली त्याईची. दुसरीनं येतीन. तू कापून घे, ते आले की त्याईच्यासाठी अजून एक बांधू."

"बाबाची बस चुकली?" ती मोठ्यानं हसली. "अगाई! एसटीच्या ड्रायव्हरची बस चुकली! आता जिंदगीभर चिडवते मी बाबाले!" सगळ्या बाया हसल्या. मोठेबाबा हसले नाहीत. त्यांच्या मांडीवरचा डबा बारीक वाजत होता.

मेणबत्त्या पेटल्या. करुणानं हात जोडले, मग कैची घेतली. संघपालनं मोबाइल वर केला. तेवढ्यात तो पुन्हा थरथरला, अंकुर, अंकुर, आणि पडद्यावर तिचा चेहरा जाऊन हिरवं-लाल वर्तुळ आलं. फोन आला की व्हिडिओ तुटतो. त्यानं वर्तुळ बाजूला सारलं, वरून खाली बोट ओढलं आणि विमानाचं चित्र दाबलं. पडदा शांत झाला. तिचा चेहरा परत आला, स्वच्छ, एकेक पापणी दिसावी असा.

"घ्या ना हो. चालू झाला का?"

"चालू आहे. हास."

फीत कापली. टाळ्या झाल्या. मोबाइल हातात असूनही त्यानं तळहातावर बोटं आपटून टाळ्या वाजवल्या. मोठेबाबांच्या डब्यातला पेढा तिनं मोडून तोंडात घातला, डोळे मिटले, म्हणाली, मस्त आहे, आणि अजून एक उचलला. तेव्हा त्याला पडद्यावर, तिच्या मागच्या आरशात, तो स्वतः दिसला. दोन्ही हातांनी मोबाइल धरलेला, खाणाऱ्या बाईकडं बघणारा माणूस. त्यानं त्या तोंडावर मायची नजर शोधली. आठवड्यानं असो, पाच वर्षांनी असो, कधीतरी ती हा व्हिडिओ उघडेल, आधी स्वतःला पाहील, मग मागं पाहील. एक पाऊल डावीकडं सरकलं असतं तर आरशातून तो निघून गेला असता.

तो सरकला नाही.

"अजून एक घे," तो म्हणाला.